सायलेन्सर लावलेली बंदूक खरंच 'फुस्स' करते का?

विश्रामबागकर

चांदोलीच्या बिबट्यांवरच्या धाग्यात एकानं ठोकून दिलं की आता शिकारी बंदुकीला सायलेन्सर लावतात, त्यामुळं पलीकडच्या वस्तीलासुद्धा बार ऐकू जात नाही. त्याखाली 'खरंय, खरंय' म्हणणाऱ्यांची रांग लागली. तिथं विषयांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढतोय.

माझं मत असं की हे सगळं पडद्यावरून आलेलं ज्ञान आहे. नायक पिस्तुलाच्या तोंडाला नळकांडं फिरवून बसवतो, 'फुस्स' होतं, समोरचा पडतो आणि भिंतीपलीकडं जेवणारी माणसं आमटी ओरपत राहतात. असं पिस्तूल अस्तित्वात नाही.

आकडे बघा. ५.५६ मिमी रायफलचा बार नळीच्या तोंडापासून एक मीटरवर मोजला तर १६५ डेसिबलच्या आसपास भरतो. ९ मिमी पिस्तूल १६० च्या जवळपास. चांगला सायलेन्सर त्यातले २५ ते ३५ डेसिबल खातो. म्हणजे रायफल उरली १३०-१४० वर. १४० ही एका झटक्यात कान कायमचा बिघडू शकतो अशी रेषा मानली जाते. त्या रेषेच्या जेमतेम खाली आलेल्या आवाजाला 'मुका' कोण म्हणेल?

हा डबा, म्हणजे सायलेन्सर, नेमकं करतो काय, तर गोळीच्या मागून नळीबाहेर उसळणारा तापलेला, दाबलेला वायू थोडा वेळ अडवून धरतो. आत एकामागे एक पडदे असतात. वायू त्यांच्यामधल्या कप्प्यांत पसरतो, थंड होतो आणि बाहेर पडेपर्यंत त्याचा जोर उतरलेला असतो. एवढंच. गोळी स्वतः आवाजाच्या वेगापेक्षा जास्त धावत असेल तर हवेत जो कडाका फुटतो त्याला हा डबा हातसुद्धा लावू शकत नाही, कारण तो डब्यात होतच नाही. तो गोळीच्या सगळ्या वाटेवर होत जातो. रायफलची गोळी सेकंदाला ८००-९०० मीटर जाते, आवाज साधारण ३४३.

आता बोला.

टूटू_रायफल

दादा, 'अस्तित्वात नाही' हे जरा जास्तच झालं. तुम्ही सगळं गणित रायफलचं मांडलंत आणि निकाल सगळ्या बंदुकांना लावलात.

पॉइंट टू टू घ्या, म्हणजे ०.२२ इंच बोअरची छोटी रायफल. स्वप्नील कुसळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ज्या ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणलं, ती हीच. काडतुसात दारू चिमूटभर. स्पर्धेची गोळी मुळातच आवाजाच्या वेगाच्या आत ठेवलेली असते, म्हणजे तुमचा कडाका आपोआप बाद. अशा बोल्ट रायफलला डबा लावला की आकडा ११५-१२० च्या आसपास येतो. माझा मावसभाऊ न्यूझीलंडला मेंढ्यांच्या फार्मवर आहे. तिथं सशांचा उपद्रव आहे आणि असा डबा सर्रास मिळतो. त्याच्याकडं गेलो तेव्हा शेजारी उभं राहून ऐकलंय. घोडा दाबल्यावर फायरिंग पिनची टकटक आणि पलीकडं गोळी मातीत रुतल्याचा आवाज, एवढंच लक्षात राहतं. पहिला बार तेवढा जरा मोठा येतो, कारण डब्यात आधीची हवा असते आणि न जळलेला वायू तिथं पेटतो.

तेव्हा पडद्यावरचं 'फुस्स' अगदीच हवेतून आलेलं नाही. चुकीच्या बंदुकीला चिकटवलंय, हे मान्य.

विश्रामबागकर

पॉइंट टू टू नं कोण बिबट्या मारतो? ज्या वाक्यावरून धागा निघाला ते शिकाऱ्यांबद्दल होतं.

टूटू_रायफल

धाग्याचं शीर्षक 'बंदूक' आहे, 'बिबट्या मारायची बंदूक' नाही. आणि जवळून मारणाऱ्याला ती पुरते. जास्त खोलात जात नाही.

माजी_सुभेदार_कराड

दोघांचंही ऐकलं. दोघेही बंदुकीच्या पाठीमागं उभे राहून बोलताय. समोर बसलेल्याला काय ऐकू येतं ते कुणीच बोललं नाही.

रेंजवर बटात, म्हणजे टार्गेटच्या टोकाला, मार्कर ड्युटी केलेल्या कुठल्याही जवानाला विचारा. तुम्ही खंदकात, टार्गेट डोक्यावर, फायर करणारे ३०० मीटरवर. डोक्यावरून आधी 'टक्' असा कोरडा कडाका जातो, चाबूक मारल्यासारखा. त्यानंतर साधारण अर्ध्या सेकंदानं मागून 'धम्'. पहिला गोळीचा, दुसरा नळीचा. अंतर ६०० मीटर केलंत की दोन्हींतला वेळ पाऊण सेकंदापर्यंत जातो. ह्या दोन आवाजांतल्या वेळावरून फायर किती लांबून येतंय त्याचा अंदाज बांधायला शिकवतात. आणि दिशा धरायची ती 'धम्'वरून. नुसत्या 'टक्'वरून दिशा धरायला गेलात तर चकाल, कारण तो कडाका तुमच्या बाजूला, गोळीच्या वाटेवरून येतो, बंदुकीकडून येत नाही.

आता रायफलला सायलेन्सर लावा. 'टक्' जशाचा तसा. 'धम्' मात्र एवढा बारीक की ३०० मीटरवर वाऱ्यात, पानांच्या सळसळीत हरवून जातो. म्हणजे कुणीतरी गोळी झाडली हे समजतं, कुठून झाडली हे समजत नाही. फौजेला तेवढंच हवं असतं. शिवाय नळीच्या तोंडाची ज्योत झाकली जाते, आपल्याच तुकडीला एकमेकांचे हुकूम ऐकू येतात. 'मुकी बंदूक' कुणी मागितलेलीच नाही, बंदूक सापडू नये एवढीच मागणी असते.

विश्रामबागकर, तुमचा आकडा बरोबर, पण 'हातसुद्धा लावू शकत नाही, एवढंच' ह्यात 'एवढंच' म्हणण्यासारखं काही नाही. खरा फायदा तिथंच आहे.

बाकी गोळीच मंद केली तर गोष्ट वेगळी. आपल्या कानपूरच्या कारखान्यात स्टर्लिंग धर्तीची ९ मिमी कार्बाइन बनायची, तिचा सायलेन्सरवाला अवतार म्हणजे २ए१. तिच्या नळीलाच भोकं असतात, वायू आधीच बाजूला निघून जातो, त्यामुळं साधं काडतूस घातलं तरी गोळी आवाजाच्या वेगाखाली राहते. ती वाजते तेव्हा बोल्ट मागंपुढं झाल्याची खडखड जास्त ऐकू येते.

ध्वनिमुद्रक_मिरज

मी बंदुकीतला माणूस नाही, माईकमधला आहे. पण इथं डेसिबल ज्या पद्धतीनं फेकले जातायत त्यावर बोलल्याशिवाय राहवत नाही.

एक तर ३० डेसिबल कमी म्हणजे किती? ऊर्जेत मोजलं तर हजारावा भाग उरला. दाबात मोजलं तर बत्तिसावा. आणि माणसाच्या कानाला विचारलं तर तो म्हणतो साधारण आठवा, कारण दर १० डेसिबलला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. कंपनीची जाहिरात हजारावा भाग सांगते, विरोधक '१६५ चे १३५ झाले, त्यात काय' म्हणतो. दोघांचाही आकडा खरा असतो, आणि कानावर पडतं ते ह्या दोहोंच्या मधलं काहीतरी असतं.

दुसरं. १६५ किंवा १३५ हा जो आकडा आहे तो शिखराचा, म्हणजे दाब सगळ्यात वर गेला त्या क्षणाचा. बाराचा धक्का काही मिलिसेकंदांत आटोपतो. आपला कान मात्र सेकंदाच्या पाचव्या भागाएवढ्या काळाची बेरीज करून मोठेपणा ठरवतो. म्हणून १३५ चं शिखर गाठणारा बार आणि १३५ वर सतत चालणारा डीजे ह्यांची तुलना होऊच शकत नाही. डीजे तुम्हाला पळवून लावेल. बार 'टप्' वाजून संपेल, आणि तुम्ही म्हणाल, 'अरे, फार मोठा नव्हता की.' इजा मात्र शिखरानंच व्हायची ती होते. ते डॉक्टर सांगतील.

आणि कृपा करून मोबाईलच्या ॲपवर मोजून इथं टाकू नका. फोनचा माईक ११०-१२० च्या पुढचं कापून टाकतो. वर बरीच ॲप सेकंदाच्या आठव्या भागाची सरासरी काढतात, त्यात बाराचा आकडा वीसेक डेसिबलनं सहज घसरतो. व्हिडिओवर सायलेन्सरवाली आणि बिनसायलेन्सरची बंदूक साधारण सारखीच वाजते, त्याचं कारणही तेच. मोठा आवाज यंत्रानं आधीच दाबलेला असतो.

चाफळचा_पोरगा

ध्वनिमुद्रक दादा, मग सोप्या भाषेत सांगा ना. कशासारखा आवाज?

ध्वनिमुद्रक_मिरज

फटाक्याशी लावून बघू, कारण त्याला कायदेशीर आकडा आहे. आपल्याकडं फटाका फुटल्या ठिकाणापासून ४ मीटरवर १४५ डेसिबल ('सी-भारित' ह्या मोजपद्धतीतलं शिखर) च्या पुढं जाता कामा नये असा नियम आहे. आता सायलेन्सरची रायफल एक मीटरवर १३८ धरा. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल जातात. म्हणजे चार मीटरवर तिचे १२६ राहिले. साधी रायफल चार मीटरवर १५३.

थोडक्यात, डबा लावलेली रायफल नळीपाशी कायदेशीर ॲटमबॉम्बपेक्षा चांगलीच हळू, आणि बिनडब्याची त्याच्या वर. गोळीचा कडाका वेगळा, तो ह्या हिशोबात नाही.

टूटू_रायफल

झालं! विश्रामबागकर, आता तुमच्या '१३५ म्हणजे कान फाटणारा आवाज' ह्याचं काय? दिवाळीत तुमच्या गल्लीत ह्यापेक्षा मोठं वाजतं आणि तुम्ही चकली खात बसता.

विश्रामबागकर

चकली खात बसतो, पण फटाका वाजला हे मला कळतं की नाही? माझा मुद्दा तोच आहे. मूळ वाक्य होतं, 'पलीकडच्या वस्तीला ऐकू जात नाही.' दिवाळीचा फटाका पलीकडच्या वस्तीला ऐकू जातो, चांगल्या चार-पाच वस्त्यांना जातो. त्याहून थोडा हळू बार, वर गोळीचा कडाका. रात्री अकरा वाजता वारणेच्या खोऱ्यात हे ऐकू येणार नाही?

आणि तुमच्याच गणितानं पुढं जा. १३८ चे पाचशे मीटरवर ८४ उरतात. हवा थोडं शोषेल, झाडी थोडं खाईल. तरी निवासी भागाची रात्रीची मर्यादा ४५ आहे. मोजायच्या पद्धती वेगळ्या आहेत हे मला कळतं, आता ध्वनिमुद्रक ओरडतील. पण ४५ च्या शांततेत तो कानावर येतोच.

ध्वनिमुद्रक_मिरज

ओरडतो. शिखराचा आकडा आणि सरासरीचा आकडा एकमेकांतून वजा करू नका. मथितार्थ पटतो मात्र.

शिराळ्याकडचा

तुमी डेसिबल मोजत बसा. आमच्याकडची गोष्ट सांगतो.

आमचं रान चांदोलीच्या अंगाला. गवं येत्यात, डुकरं येत्यात, उसाच्या फडात बिबट्या पिल्लं घालतोय. आमाला आवाज पायजे असतोय. सुतळी बॉम्ब, पाईपात कार्बाइड घालून धडाम, डबडी, काय वाट्टंल ते. आज्याकडं ठासणीची बंदूक हुती, पीक राखायच्या परवान्यावर. ती मारायला कमी, वाजवायलाच जास्त. आवाज नसलेली बंदूक आमी घिऊन करायची काय?

आन शिकारीचं म्हणाल तर ज्यानं तो बिबट्याच्या धाग्यात सायलेन्सर सायलेन्सर केलंय त्यानं आयुष्यात रान बघितलेलं न्हाई. शिकार करणारं बेणं बंदूक वाजवतंय कशाला? फासं लावतंय. तारंत करंट सोडतंय. कणकीच्या गोळ्यात गावठी बॉम्ब घालून डुकराच्या वाटंवर ठेवतंय. त्याला ना परवाना, ना काडतूस. फासकीचा आवाज किती डेसिबल हाय ते सांगा आता.

चाफळचा_पोरगा

शिराळ्याच्या दादांना दंडवत 🙏 अख्खा धागा एका प्रतिसादात आडवा केला.

माजी_सुभेदार_कराड

शिराळकर, फाशाचं बरोबर आहे. पण 'बंदूक वाजवतंय कशाला' हे सगळ्यांना लागू नाही. बाराबोर घेऊन रात्री जीपमधून हिंडणारी मंडळी पूर्वीपासून आहेत आणि त्यांना आवाजाचीच धास्ती असते. गावात बार वाजला की दुसऱ्या दिवशी पारावर विषय निघतो, पोलीस पाटलापर्यंत जातो, वनरक्षक विचारायला येतो. कोयना आणि चांदोली मिळून २०१० ला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला तेव्हापासून तर जास्तच. खेड्यात बाराचा आवाज ही फुकटची गस्त आहे. ती काढून घेणारी वस्तू लोकांच्या हातात असू नये, ह्या मताचा मी आहे.

वकील_सातारा_पेठ

नाही ती कायद्यानंच, सुभेदारसाहेब. इथं बरेच जण 'परवाना असला की सायलेन्सर लावता येतो' अशा समजात दिसतात, म्हणून लिहितो.

शस्त्र अधिनियम, १९५९ चं कलम २ बघा. 'अग्निशस्त्र' ह्याच्या व्याख्येतच बाराचा आवाज किंवा ज्योत कमी करण्यासाठी बनवलेली जोडवस्तू येते. म्हणजे बंदूक नसताना नुसता डबा कपाटात असला तरी कायद्याच्या नजरेत तुमच्याकडं अग्निशस्त्र आहे. आणि २०१६ च्या शस्त्र नियमांच्या पहिल्या अनुसूचीत ही वस्तू पहिल्या वर्गात, म्हणजे प्रतिबंधितांत बसवलीय. पीक संरक्षणाचा परवाना, स्वसंरक्षणाचा परवाना, खेळाडूचा परवाना, कशावरही ती चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रतिबंधित शस्त्र बाळगल्याची शिक्षा सात वर्षांपासून चौदा वर्षांपर्यंत आहे.

माझ्या मते कायद्यानं इथं आवाजाचा आकडा विचारलेलाच नाही आणि तेच बरोबर आहे. पाच डेसिबल कमी करणारा डबा आणि पस्तीस कमी करणारा डबा, दोन्ही सारखेच.

कानवाली_सातारा

वकीलसाहेब, 'तेच बरोबर आहे' ह्याला माझा विरोध आहे. मी कान तपासते, रोज.

आतल्या कानातल्या केसपेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत. बंदुकीच्या बारानं जाणारं ऐकणं आधी वरच्या पट्टीतलं जातं, ४००० हर्ट्झच्या आसपास. माणसाला कळत नाही, कारण बोलणं ऐकू येत असतं. कळतं तेव्हा 'स' आणि 'श' मधला फरक गेलेला असतो, नातवंडांचं बोलणं समजत नसतं आणि रात्री कानात शिट्टी वाजत असते. माजी सैनिकांत ही तक्रार किती दिसते ते सुभेदारांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल. उजव्या खांद्यावरून बंदूक चालवणाऱ्याचा बहुतेक डावा कान जास्त बिघडलेला असतो. तो नळीकडं असतो, उजव्यावर डोक्याची सावली पडते.

नॉर्वे, फिनलंडमध्ये शिकारी सायलेन्सर लावतो ते शेजाऱ्याच्या आणि स्वतःच्या कानासाठी. तिकडं त्याकडं चोरीचं हत्यार म्हणून बघत नाहीत. वर सगळे १६५ चे १३५ झाले म्हणून हसताय. माझ्या दृष्टीनं त्या तीस डेसिबलांतच सगळं आहे. १४० च्या वरून खाली येणं म्हणजे एका बारात कान जाणं आणि न जाणं ह्यातला फरक. राज्यातले, देशातले खेळाडू आयुष्यभर बंद रेंजवर हजारो फैरी झाडतात, त्यांना नोंदणीकृत क्लबात, कुलपात ठेवायच्या अटीवर परवानगी का नसावी?

वकील_सातारा_पेठ

कारण इअरमफ मिळतात, ताई. आत बोळा, वर मफ. डब्याएवढंच काम होतं आणि चौदा वर्षांचा प्रश्न येत नाही.

कानवाली_सातारा

बोळा आणि मफ दोन्ही घातले तरी दोघांची बेरीज होत नाही. एकट्या चांगल्या मफपेक्षा पाचेक डेसिबल जास्त मिळतात, बाकी आवाज कवटीच्या हाडातून आत जातोच. शिवाय मफ घालणाऱ्याचाच कान वाचतो. शेजारी उभा असलेला चहावाला, मैदानापलीकडची शाळा, त्यांचं काय? उगमाशी आवाज कमी करणं हा ध्वनिप्रदूषणाच्या प्रत्येक पुस्तकातला पहिला उपाय आहे. गाडीला आपण तेच करतो. ज्या हायरम पर्सी मॅक्सिमनं १९०९ ला बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट घेतलं त्यानं तेच तत्त्व मोटारीच्या धुराड्यालाही लावलं होतं. गंमत म्हणजे त्याचा बाप मॅक्सिम मशिनगनचा जनक, आणि त्या बापाचे कान बंदुकांच्या आवाजानं गेलेले होते.

विश्रामबागकर

डॉक्टर, तुमचं ऐकून माझी बाजू उलट मजबूत होते. तुम्हीसुद्धा 'डबा लावूनही मफ घाला' म्हणालच ना?

कानवाली_सातारा

रायफलवर म्हणेन. नक्की म्हणेन. १३० च्या वरचे शंभर बार दर रविवारी, हे कानाला झेपत नाही. एक बार झेपणं वेगळं.

टूटू_रायफल

डॉक्टरांशी सहमत. अमेरिकेतसुद्धा १९३४ पासून ह्या डब्यावर २०० डॉलरचा कर होता. त्या काळात ही रक्कम बंदुकीपेक्षाही जड पडायची. तो कर २०२६ पासून शून्य केला, नोंदणी ठेवली. म्हणजे जिथं बंदुकांचा सुळसुळाट आहे तिथंही ह्याकडं बघायची दृष्टी बदलतेय.

माजी_सुभेदार_कराड

जिथं सुळसुळाट आहे तिथलं उदाहरण आपल्याला कशाला? आपल्याकडं परवानाधारक मूठभर, बेकायदा कट्टे पोत्यानं. डबा कायदेशीर झाला की तो कुणाच्या हाती जाईल ते तुम्हीही जाणता.

कानाचं डॉक्टर बोलल्या ते शंभर टक्के. माझा डावा कान तसाच आहे. तरीही नको.

रात्रपाळी_एमआयडीसी

हा डबा घरी करता येतो का हो? लेथ आहे माझ्याकडं, नुसतं कुतूहल म्हणून

संपादक

बनवण्याच्या कृतीवर इथं चर्चा होणार नाही. खाली आलेले दोन प्रतिसाद उडवले आहेत. वकीलसाहेबांनी वर लिहिलेली वर्षं पुन्हा एकदा वाचावीत.

औंधचा_प्रेक्षक

मूळ विषयावर येतो. परवा एका मालिकेत हवालदारानं रिव्हॉल्व्हरला सायलेन्सर लावलेला दाखवला. हे तरी चालतं का?

टूटू_रायफल

नाही. रिव्हॉल्व्हरची फिरती चकती आणि नळी ह्यांच्यामध्ये फट असते. पुढं कितीही मोठा डबा लावा, वायू त्या फटीतून बाजूला फुटतोच. अपवाद एक, १८९५ चं रशियन नागां. त्याचा घोडा ओढला की चकती पुढं सरकून नळीला भिडते आणि काडतुसाचं तोंडच फट बुजवतं. मालिकेतल्या हवालदाराकडं ते नसणार.

विश्रामबागकर

चला, एका मुद्द्यावर तरी एकमत!

टूटू, एक प्रामाणिक प्रश्न. तुम्ही म्हणता स्पर्धेची गोळी आवाजाच्या आत असते, म्हणून कडाका नाही. पण आवाजाचा वेग तर तापमानावर बदलतो. मग तुमचं 'शांत' काडतूस सगळीकडं शांत राहतं का?

टूटू_रायफल

स्पर्धेचं काडतूस ३२५-३३० च्या घरात असतं, त्याला थोडी जागा सोडलेली असते. पण दुकानात मिळणारं साधं काडतूस सीमेवर खेळतं. सांगलीत मे महिन्यात पारा ४० ला गेला की आवाज सेकंदाला ३५५ मीटर जातो. महाबळेश्वरला डिसेंबरच्या पहाटे १० अंश धरा, तर ३३७. आता ३४५ नं जाणारी गोळी घ्या. सांगलीच्या उन्हात ती बिनकडाक्याची, महाबळेश्वरच्या थंडीत तीच फुटणार. उंचीचा त्यात संबंध नाही, फक्त तापमानाचा.

शिराळ्याकडचा

म्हंजे थंडीत बंदूक जास्त वाजती. हे आमच्या आज्याला फार्मुल्याबिगर ठावं हुतं, फक्त तो म्हणायचा थंडीत आवाज लांब जातोय.

ध्वनिमुद्रक_मिरज

आजोबांचंही बरोबर आणि ते वेगळं कारण आहे. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते. आवाज वर जाऊन निसटण्याऐवजी खाली वाकतो. त्यामुळं दूरच्या वस्तीला जास्त ऐकू येतो. नदीकाठी तर फारच.

शिराळ्याकडचा

मग विश्रामबागकरांचं वाक्य हिवाळ्याला लागू आन टूटूचं उन्हाळ्याला. भांडा आता वर्षभर.

कानवाली_सातारा

शिराळ्याचे दादा, आजोबांच्या ठासणीमुळं घरात कुणाला कमी ऐकू येतं का? वडिलांना वगैरे?

शिराळ्याकडचा

बाला डाव्या कानानं न्हाईच ऐकू येत. आमी समजायचो म्हातारपण.

कानवाली_सातारा

वय किती? ऑडिओमेट्री करून घ्या, सरकारी रुग्णालयातही होते. गेलेलं परत येणार नाही, पण शिल्लक कानाला यंत्र बसवता येतं का ते समजेल. आणि पाईपातलं कार्बाइड वाजवताना कानात बोळे घालायला सांगा, घरातल्या पोरांना तर त्याच्या जवळ येऊच देऊ नका. ते डोळ्यालाही वाईट.

चाफळचा_पोरगा

वकीलसाहेब, एक राहिलंच. ऑनलाइन छर्ऱ्याची एअर रायफल मिळते, ०.१७७ ची, वीस ज्यूलच्या आतली, तिला परवाना लागत नाही म्हणतात. तिच्या तोंडाला मित्रानं आवाज कमी करायचं नळकांडं मागवलंय. ते चालतं ना?

वकील_सातारा_पेठ

रायफलचं बरोबर ऐकलंत, त्या मर्यादेत परवाना लागत नाही. नळकांड्याचं तसं नाही. व्याख्येत 'स्फोटक किंवा अन्य प्रकारची ऊर्जा' असे शब्द आहेत, आणि दाबलेली हवा ही अन्य ऊर्जाच. पोलिसांनी तेवढ्यावर गुन्हा दाखल केला तर 'हे फक्त एअरगनसाठी आहे' हा बचाव कोर्टात मांडायला लागेल, आणि तोवर जामिनाची खटपट. विकणाऱ्यानं संकेतस्थळावर 'कायदेशीर' लिहिलंय ह्याला काडीची किंमत नाही. मित्राला म्हणावं ऑर्डर रद्द कर.

चाफळचा_पोरगा

सांगतो. तो म्हणतोय पार्सल कऱ्हाडात पोचलंय.

वकील_सातारा_पेठ

घेऊ नको म्हणावं. आणि उद्या मला फोन करायला सांग.